दुधाच्या किटलीतलं पाणी

माझ्याकडं कुणी दुखणं घेऊन आलं की मी आधी त्याला भिंतीपाशी नुसतं उभं करते. हात लावत नाही. यावरून मला लोकांनी लई नावं ठेवली. बाईकडं जावं तर बाई नुसती बघत बसती, तेलाची बाटलीसुद्धा उघडत नाही, म्हणायचे. बघितल्याशिवाय चोळू काय, कपाळ?

ही खोड आईची. आई आमच्या गावची सुईण. बाळंतिणीचं अंग चोळायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, पडलं-मुरगळलं असेल ते बघायचं, सगळं तिच्याकडं. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा घरातली बरीच जुनी कामं बंद झाली. मेलेलं ढोर ओढणं बंद, दारोदार भाकरी मागणं बंद. वडील म्हणाले, आता हे चोळणंही सोड. आई म्हणाली, ते सोडणार नाही, ती विद्या आहे. आणि नाहीच सोडलं. फक्त आधी लोक तिला मागच्या दारानं बोलवायचे, नंतर ती पुढच्या दारानं जायला लागली. गेली की बाईला उठायला लावायची, बसायला लावायची, अंगणातून चालायला लावायची, आणि स्वतः उंबऱ्याशी बसून पान लावत बघत राहायची. पान तोंडात गेलं की मग हात.

पुढं मी शिकले आणि बेंबळीच्या बाजूला एका हायस्कुलात पी.टी.ची बाई झाले. मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडं. एका उन्हाळ्यात शाळेनं मला खेळाडूंच्या मालिशीच्या शिबिराला पाठवलं. तिथले सर फळ्यावर लिहायचे: आधी विचारा, मग बघा, मग सांधा हलवून बघा, मग दाबून बघा, दुखरी बाजू चांगल्या बाजूशी ताडून बघा, आणि मगच काय करायचं ते ठरवा. मी मनात म्हटलं, ही तर आमची आईच, फक्त पँट घालून आली. आई आणि सर यांच्यात फरक एकच. सर विचारायचे, आई विचारायची नाही. का विचारायची नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

शाळेत खेळाच्या सामानाची एक खोली होती. तिथं एक सतरंजी, करडईच्या तेलाची बाटली आणि वाळू तापवायला एक जुना तवा, एवढा माझा दवाखाना. तेल जपून वापरायचं, कारण ते माझ्या घरच्या फोडणीतलं असायचं. सहकारी शिक्षक हसायचे. हसू दे. त्यांचीच कंबर धरली की दार लावून यायचे.

ही गोष्ट ऐंशीच्या पुढच्या एका वर्षाची. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळासारखा तो दुष्काळ नव्हता, पण पाऊस पोळ्यालाच पाठ फिरवून गेला होता आणि दिवाळीपर्यंत गावातल्या विहिरींचा तळ दिसायला लागला होता. रोजगार हमीची कामं निघाली होती. बाया सकाळी भाकरी बांधून नाला खणायला जायच्या. आणि आमच्या जिल्ह्याच्या संघाची निवड संक्रांतीच्या सुमारास होणार होती. निवड झालेल्या पोरी राज्याला खेळणार.

माझ्या संघात दहावीतली एक पोर होती. वस्तीवरून यायची. काळीसावळी, काटक, आणि पळताना अशी वळायची की मागच्या पोरीचा हात हवेतच राहायचा. मी तोंडावर कधी कौतुक केलं नाही. पोरी डोक्यावर बसतात. पण घरी जाऊन आईला सांगायचे, ही पोर राज्याला जाणार म्हणजे जाणार. तिच्या बापानं तिला एक शब्द दिला होता. राज्याला खेळायला गेली तर पुढं कॉलेजला घालीन, नाहीतर दहावी बास. आता बास म्हणजे काय ते आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एक स्थळ येऊनही गेलं होतं. म्हणजे त्या पोरीचं सगळं पुढचं आयुष्य तिच्या दोन पायांवर उभं होतं, आणि त्यातला एक पाय दुखायला लागला.

आधी माझ्याही लक्षात आलं नाही. खो-खोत ओळीनं उकिडवं बसायचं, पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू आलं की उसळून पळायचं. ही बया उसळेना. उठायची, पण एक श्वास उशिरा. मी आळशी म्हणून ओरडले. पुढच्या खेपेला ती उठली आणि उठता उठता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मात्र मी खेळ थांबवला आणि तिला सामानाच्या खोलीत नेलं.

विचारलं. म्हणाली, बाई, मांडी धरती. उजव्या मांडीची मागची बाजू. पडलीस का? नाही. कुणी धडकलं का? नाही. घरी काय जड काम पडतं का? काय न्हाय बाई, म्हणाली. भिंतीपाशी उभी केली. डावी कंबर जराशी वर, अंग जरासं उजवीकडं कललेलं. वाकवलं, बसवलं, उठवलं. दाबून बघितलं तर मांडीत दोरीसारखी ताठ शीर. झालं, मी म्हटलं, मांडीच आहे. कंबर वर दिसली त्याचं मी फारसं मनावर घेतलं नाही, कारण ताडून बघायला म्हणून संघातल्या बाकीच्या पोरी भिंतीपाशी उभ्या केल्या तर सगळ्यांचीच डावी कंबर वर. मला वाटलं, देवानं बाईमाणूस असंच घडवलं असेल.

मग ठरवलं. पळणं काही दिवस बंद. दुपारच्या सुट्टीत तव्यावरच्या वाळूच्या पुरचुंडीनं शेक, संध्याकाळी हलक्या हातानं मांडी मोकळी करायची, मग हळूहळू ताण द्यायचा, आणि उठायला दुखायचं थांबलं की पळणं सुरू. शिबिरातल्या सरांनी शाबासकी दिली असती असं ठरवणं होतं. आणि गुणही यायचा! संध्याकाळी पोर हसत घरी जायची. सकाळी प्रार्थनेला बघावं तर पुन्हा तेच, पाय ओढत. रोज संध्याकाळी मी बांधायचं आणि रोज सकाळी कुणीतरी सोडायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण चिडणार कुणावर?

मग भीती वाटायला लागली. आमच्या गावात हाडाच्या दुखण्यानं एक तरणी पोर अंथरुणाला खिळलेली मी लहानपणी बघितली होती. तिलाही आधी मांडीच दुखायची. मी कुणाला बोलले नाही, पण आईच्या ते लक्षात आलं. चोळत बसू नको, म्हणाली, फोटो काढून आण. पोरीला घेऊन एस्टीनं उस्मानाबादला गेले. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी एक्स-रे काढला, खिडकीपाशी धरून मला दाखवला, आणि म्हणाले, हाड स्वच्छ आहे बाई. माझा जीव भांड्यात पडला. इतका की मी त्यांच्यासमोर खुर्ची नसताना बसायला गेले. ते हसले आणि म्हणाले, ओढ स्नायूचीच आहे, पण कमरेकडून येतेय असं वाटतं. हिच्या रोजच्या कामात अलीकडं काय बदललंय का बघा. त्यांनी पोरीला विचारलंही. पोर म्हणाली, काय न्हाय डाक्टर. उठते नि शाळंला येते.

येताना एस्टीत मी तिला भजी घेऊन दिली. हाड स्वच्छ आहे म्हटल्यावर मला सगळं जग चांगलं दिसत होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाय ओढत तशीच आली.

आता मात्र मी ठरवलं की संध्याकाळ आणि सकाळ यांच्यात जे होतं ते स्वतः जाऊन बघायचं. एका रविवारी दिवस उगवताच तिच्या वस्तीवर गेले. आजी दारात बसून होती. आई नाल्याच्या कामावर निघून गेली होती, आणि बाप म्हशींच्या धारा काढून दुधाच्या किटल्या सायकलला अडकवून दूध सोसायटीत गेला होता. पोर कुठंय विचारते तोवर ती समोरून आलीच. डाव्या कमरेवर भरलेली घागर, उजव्या हातात कळशी. मला बघून चपापली. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, ते पाणी ठेवून ये आधी, मग बघू तू सकाळी काय करतेस ते.

ती पाणी ओतून पुन्हा गेली. मी आजीशी बोलत बसले. आली, ओतलं, पुन्हा गेली. मला राग यायला लागला, की मी एवढ्या सकाळी पायपीट करून आले आणि ही बया येरझारा घालतेय. आजीनं चहा ठेवला. मी चहा पिता पिता विचारलं, पाणी कुठून आणते हो? आजी म्हणाली, हितली हीर दिवाळीतच आटली, आता पार फाट्यावर पुलाजवळच्या हिरीवरनं आणावं लागतंय. तेवढ्यात पोर पुन्हा वळणावर दिसली. डावी कंबर बाहेर काढलेली, तीवर घागर, आणि घागरीला तोल द्यायला सगळं अंग उजवीकडं झुकवलेलं. भिंतीपाशी उभी केल्यावर जशी दिसायची अगदी तशी, फक्त आता घागर होती.

मी कप खाली ठेवला आणि कपाळावर हात मारला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते मी साक्षात केलं होतं. पोर खोटं बोलली नव्हती. जड काम काय करतेस विचारलं तर पाणी आणणं हे काम आहे असं तिला वाटलंच नव्हतं. तिला काय, मलाही वाटलं नव्हतं. मी स्वतः त्या सकाळी निघायच्या आधी आमच्या घरची घागर डाव्या कमरेवर घेऊन भरून आले होते! आमच्या सगळ्यांची डावी कंबर देवानं वर केली नव्हती, घागरीनं केली होती. बाकीच्या पोरींचं पाणी जवळ होतं म्हणून त्यांचं भागत होतं. हिची विहीर लांब गेली, आणि उसळी मारायला लागायचा तोच उजवा पाय. आई बायकांना का विचारत नव्हती ते मला त्या दारात कळलं. चालताना जे दिसतं ते तोंडानं सांगायचं कुणाला सुचतच नाही.

त्याच दारात पोरीला पालथं झोपवलं आणि मांडीला हात न लावता कंबर चाचपली. उजव्या कुल्ल्याच्या वरच्या बाजूला अंगठा ठेवला मात्र, पोर विव्हळली आणि म्हणाली, बाई, ह्येच मांडीत जातंय. ते ऐकून मला जो आनंद झाला तो सांगायची सोय नाही. पोर रडतेय आणि मी हसतेय. आजीला वाटलं बाईला लागिर झालं. मग आजीनं हळूच विचारलं, माझीबी कंबर बघतीस का गं बाय? आमच्यासारख्यांना उंबऱ्याच्या आत घ्यायला जी आजी मघाशी घुटमळली होती, ती सतरंजीवर पालथी पडून, लई ग्वाड हात हाय तुजा, म्हणत झोपून गेली.

नव्यानं ठरवणं सोपं होतं. मांडी सोडायची, कमरेच्या दोन्ही बाजू आणि कुल्ला मोकळा करायचा, एक दिवस आड, खोल दाबायचं नाही, आणि रोज उकिडवं बसवून उठवून बघायचं. निवड जवळ आली की हात आणखी हलका. पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा ती घागर कमरेवरून उतरेल. अवघड होतं ते हेच.

उजव्या कमरेवर घे म्हटलं. तिनं घेतली आणि चार पावलांत पाडली. घागरीला पोचा आला आणि आजीच्या शिव्या मला पडल्या. डोक्यावर घे म्हटलं. पुलाजवळच्या विहिरीच्या कट्ट्याच्या पायऱ्या घसरड्या, डोक्यावर घागर घेऊन खाली बघता येत नाही, तिथं एक बाई पडून हात मोडून बसली होती. संघातल्या पोरींना म्हटलं, आळीपाळीनं हिचं पाणी आणा. दोन दिवस आणलं, तिसऱ्या दिवशी एकीची आई शाळेत येऊन मला म्हणाली, आमच्या पोरीची कंबर सरकारी हाय का? तिचंही काय चुकलं?

मग मला सायकल आठवली. बाप रोज दूध घेऊन फाट्यावरच्या सोसायटीत जायचा आणि रिकाम्या किटल्या खडखडवत परत यायचा. वाट त्या विहिरीवरूनच. परत येताना किटल्या भरून आणल्या तर झालं की! मी हरखून गेले. संध्याकाळी वस्तीवर जाऊन त्याला हे सांगितलं. अबोल माणूस. म्हशींना वैरण टाकत होता. माझं सगळं ऐकून घेतलं, हातातली पेंढी खाली ठेवली, आणि गोठ्यामागं निघून गेला.

माझा पारा चढला. असला कसला बाप, म्हटलं, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आणि हा तोंड फिरवतो? आजीनं मला खाली बसवलं आणि खरं कारण सांगितलं. दूधवाला किटल्या घेऊन विहिरीवर दिसला की त्याचं नाव संपलं. जाताना का येताना, भरलेली का रिकामी, कोण बघतं? बघणाऱ्याला एवढंच दिसतं, की दुधाच्या किटलीत पाणी पडतंय. शेजारच्या गावच्या एकाला सोसायटीनं असंच नुसत्या बोलण्यावरून काढून टाकलं होतं. म्हणून दूधवाले तहान लागली तरी किटल्या घेऊन त्या विहिरीवर थांबायचे नाहीत. सायकल लांब उभी करून पायी जायचे. आणि ह्या माणसाचं दूध सोसायटीत कधीच हलकं निघालं नव्हतं. त्या कोरड्या वर्षात शेतात काही नव्हतं, नाव होतं ते तेवढंच.

मी घरी आले. आईला म्हटलं, बापाला तरी काय म्हणू? आई म्हणाली, त्येला म्हणू नको. त्येनं ऐकलंय. माझा तेवढा धीर नव्हता. निवड तोंडावर आली होती. मी दिवसाआड पोरीची कंबर मोकळी करत होते आणि ती दर सकाळी घागर घेऊन पुन्हा आखडत होती. मी रात्री भाकरी खाता खाता मध्येच थांबायचे. आपल्याला सगळं कळलंय आणि तरी काही करता येत नाही, यासारखी चीड दुसरी नाही.

मी रोज सकाळी शाळेत जाताना सोसायटीतून चहापुरतं दूध घ्यायचे. एके दिवशी गेले तर अंगणात गर्दी. मध्ये पोरीचा बाप उभा, किटल्या पुढ्यात. सोसायटीचे सचिव पाण्याची भेसळ ओळखायची काचेची नळी त्याच्या दुधात सोडून बघत होते. एकदा बघितली, पुसली, दुसऱ्या किटलीत सोडली. दूध चोख निघालं. पण मागून कुणीतरी म्हणालं की आज निघालं असेल, काल आणि परवा ह्याला पुलाजवळच्या विहिरीवर किटल्या भरताना सगळ्यांनी बघितलाय. मग सगळेच बोलायला लागले. सचिवांनी हात वर करून गप्प केलं आणि त्याला विचारलं, खरं काय ते सांगा, विहिरीवर गेला होता का?

म्हणजे तो दोन दिवस जात होता! मला कुणी सांगितलंच नव्हतं. पोरीनंही नाही. आदल्या दिवशी ती बैठकीवरून बरी उठली तेव्हा मी ते माझ्या हाताचं श्रेय म्हणून घेतलं होतं.

तो माणूस कुणाकडं न बघता म्हणाला, "व्हय. भरतो. दूध हितं घालून जाताना भरतो."

"अन् कशाला भरता?"

"दुधात न्हाय घालत. पोरीच्या पायात घालायलोय."

कुणाला काही कळलं नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. मग मी पुढं झाले. मला राहवलं नाही. दुधाचं भांडं हातात तसंच धरून त्या सगळ्या बाप्यांसमोर मी घागर कमरेवर घेतल्यावर अंग कसं कलतं ते करून दाखवलं, कुठं ओढ बसते ते स्वतःच्या कुल्ल्यावर हात ठेवून दाखवलं. पी.टी.ची बाई सोसायटीच्या अंगणात कुल्ल्यावर हात ठेवून उभी, हे दृश्य लोकांनी पुढं कितीतरी दिवस एकमेकांना करून दाखवलं. दाखवू दे. सचिव हसले नाहीत. त्यांच्या घरीही घागरी होत्याच. ते म्हणाले, तुम्ही रोज इथं दूध ओतलं की किटल्या सगळ्यांसमोर उपड्या करा, धुवा, आणि मग खुशाल भरा. सकाळी पुन्हा नळी सोडूच.

त्या दिवसापासून तो तसं करायला लागला. दूध ओतायचा, किटल्या धुवायचा, उपड्या धरून अंगणात सगळ्यांना दाखवायचा, आणि मग पुलाजवळच्या विहिरीवर जाऊन बायकांच्या रांगेत उभा राहायचा. बाया टवाळी करायच्या. पाहुणं, डोक्याला चुंबळ देऊ का, म्हणायच्या. तो मान खाली घालून नंबर यायची वाट बघायचा.

आणि पोर सुटली. दुसरा शब्द मला सापडत नाही. कमरेवर रोज पडणारी गाठ थांबली तशी माझा हात लागू पडायला लागला. आधी कुल्ला मऊ झाला, मग मांडीतली दोरी सैल पडली, आणि एके दिवशी मैदानावर पाठीवर ‘खो’ पडायच्या आधीच ती उठून उभी. नियम मोडला म्हणून मी ओरडले आणि मग तोंड फिरवून उभी राहिले, कारण पोरींसमोर रडायचं नसतं.

निवडीच्या दिवशी आम्ही सकाळच्या एस्टीनं उस्मानाबादला गेलो. बाप आला नाही. दूध घालायचं होतं, पाणी भरायचं होतं. आदल्या दिवशी मी कमरेला हात लावला नव्हता, फक्त चालवलं होतं. मैदानावर ती बसली, पाठीवर थाप पडली, आणि पोर अशी निघाली की मी हातातली शिट्टी दातांत चावून ठेवली. तिला बघताना मला पहिल्यांदाच तिचा पाय दिसला नाही, नुसती पोर दिसली. दुपारी नावं वाचली. तिचं नाव आलं. मी जवळच्या दुसऱ्या शाळेच्या बाईंना, ज्यांच्याशी माझं वर्षानुवर्षं पटत नव्हतं, गच्च मिठी मारली. त्या बिचाऱ्या घाबरल्या.

परतीची एस्टी फाट्यावर थांबली तेव्हा ऊन कललं होतं. पुलाजवळच्या विहिरीवर बायका होत्या आणि त्यांच्यात हा, संध्याकाळचं दूध घालून आलेला. सायकल झाडाला टेकवलेली, किटली कठड्यावर, आणि पोहऱ्यानं पाणी ओढून किटलीत ओतत होता. पोर पळत गेली. पोचली आणि सवयीनं कठड्यावरची किटली उचलायला वाकली.

"हात लावू नगंस," तो जोरात म्हणाला. मग हळू आवाजात विचारलं, "झालं का?"

"झालं आबा," पोर म्हणाली. "राज्याला."

त्यानं मान हलवली. पोहरा त्याच्या हातात तिरपा होता आणि तो ओततच राहिला. किटली कधीच भरली होती. पाणी काठावरून उतरून कठड्यावर, तिथून त्याच्या पायांवर आणि तिथून मातीत जात होतं. त्या विहिरीवर एरवी कळशीभर सांडलं तरी बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. सगळ्या बघत उभ्या होत्या. एकीनंही त्याला थांब म्हटलं नाही.